आकड्यामागची नावे

जून महिन्यात महाविद्यालय उघडले की पहिल्या तासाला मी काही शिकवीत नाही. मुलांना एकेक करून उभे करतो. नाव विचारतो, गाव विचारतो. मराठीच्या अध्यापकाला गावांच्या नावांचे थोडे वेड असतेच. कवठे म्हटले की एकंद की महांकाळ हे विचारल्याशिवाय माझे समाधान होत नाही. असाच एका वर्षी, सांगलीस मामाकडे राहून शिकणारा एक शिडशिडीत मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गाव अपशिंगे मिलिटरी, सर. जिल्हा सातारा."

वर्ग हसला. मलाही हसू आले. मी म्हटले, "अरे, बुद्रुक ऐकले, खुर्द ऐकले. हे मिलिटरी कुठले?"

तो हसला नाही. म्हणाला, "आमच्या जिल्ह्यात दोन अपशिंगे आहेत, सर. आमचं मिलिटरीचं. पहिल्या महायुद्धात आमच्या गावची ४६ माणसं गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली ती परत आली नाहीत."

वर्गाचे हसणे जागच्या जागी विरले. एका गावातून ४६ माणसे! काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "त्यांची नावे सांगता येतील?" तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "आकडा सगळ्यांना पाठ आहे, सर. नावं ज्याची त्याच्या घरात. आमच्या घरचं एक सांगता येईल."

त्याने ते नाव सांगितले आणि तो खाली बसला. माझा तास मात्र तेथेच संपला. कारण तसेच एक नाव आमच्याही घरात होते, आणि ते आम्ही कितीतरी वर्षे विरजणाच्या गाडग्यावर झाकण म्हणून ठेवले होते.

*

वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो. आमचे मूळ गाव तासगाव तालुक्यातले. आजीच्या स्वयंपाकघरात एक काशाची गोल थाळी होती. तळहातापेक्षा थोडी मोठी, व्यासाने पाचएक इंच, हाताला चांगली जड. तिच्यावर एक शिरस्त्राण घातलेली बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. लहानपणी मला ती देवी वाटायची. आजी तिला "राजाचा बिल्ला" म्हणायची आणि विरजणावर झाकण ठेवायची.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. नवी अक्षरे आली की मुले दिसेल ती पाटी वाचत सुटतात, तसा मी एके दिवशी त्या थाळीच्या कडेची अक्षरे लावू लागलो. कडेचे वाक्य काही उमगले नाही. परंतु बाईच्या समोर एका चौकटीत काही उठावाची अक्षरे होती. ती मी एकेक जुळवून मोठ्याने वाचली. ते आमच्या घराण्यातले नाव होते, आणि खाली आमचेच आडनाव. आजीचा भाकरी थापणारा हात थांबला. ती म्हणाली, "त्यावर नाव हाय व्हय रं त्येंचं?"

त्यावर नाव आहे हे घरात कुणाला ठाऊकच नव्हते. घरात इंग्रजी शिकलेला मीच पहिला.

हळूहळू आजीकडून हकीकत कळली. ते आजोबांचे चुलते. पलटणीत भरती झाले आणि बसऱ्याला गेले. बसरा म्हणजे काय हे आजीला ठाऊक नव्हते. मला तर बसराई केळी तेवढी माहीत होती. तेथून ते आले नाहीत. मागे त्यांची बायको राहिली. आजी सून म्हणून घरात आली तेव्हा ती बाई हयात होती. आजी तिला 'धाकल्या आत्याबाई' म्हणे. मेल्याचा सरकारी कागद आला तेव्हा त्या बाईने तो मानला नाही. कागद काय, चुकीचाही येतो, म्हणाली. मग लढाई संपल्यावर ही थाळी आली. ती हातात घेऊन पाहिली, जड लागली, आणि त्या दिवशी तिने बांगड्या फोडल्या. पुढे जन्मभर तिने त्या थाळीला हात लावला नाही. देव्हाऱ्यात ठेवू दिली नाही, मोडीतही घालू दिली नाही.

आजोबांची गोष्ट निराळीच. ते १९४२ च्या चळवळीतले. त्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला त्यात ते होते. पुढे प्रतिसरकारच्या माणसांना भाकरी पोचविण्याचे कामही त्यांनी केले. थाळीच्या कडेच्या वाक्याचा अर्थ मी मोठा झाल्यावर त्यांना सांगितला. स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी याने प्राण दिला, असे तेथे कोरलेले आहे. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते लिहिलंय का बघ."

असे होते आमच्या घरचे स्मारक. बायकोला ते नको होते, पुतण्याला त्याची लाज वाटे, आणि आजीच्या ते कामाला येई.

*

त्या विद्यार्थ्याबरोबर मी एका रविवारी अपशिंग्यास गेलो. साताऱ्याकडून कराडच्या वाटेला लागले की हमरस्ता सोडून आत वळावे लागते. ऊस, ज्वारी, मागे डोंगराच्या सोंडा. साताऱ्याकडची गावे असतात तसेच गाव. पण गावात शिरताच वेगळेपण ध्यानात येते. घरोघरी भिंतीवर देवांच्या तसबिरींबरोबर गणवेशातल्या माणसांच्या तसबिरी. सकाळच्या प्रहरी रस्त्याने धावणारी पोरे, त्यांना वेळ मोजून देणारा एखादा निवृत्त सुभेदार. येथे लष्करात कोणी नाही असे घर शोधावे लागते. त्या ४६ जणांचे स्मारक गावात आहे, आणि 'मिलिटरी' हे उपपद गावाने मोठ्या अभिमानाने नावात मिरविले आहे. नकाशावरचे गाव हेच एक स्मारक झाले आहे म्हणा ना! पत्रावर पत्ता लिहिताना, एस.टी.चे तिकीट मागताना, शाळेच्या दाखल्यावर, दरवेळी त्या माणसांचा नकळत उच्चार होतो. पुढच्या लढायांनीही गावाकडून आपला वाटा घेतला. तरी भरतीची रांग काही थांबली नाही.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. वाई तालुक्यातले किकली हे गाव ज्यांनी पाहिले असेल त्यांना भैरवनाथाच्या देवळाभोवतीचे वीरगळ आठवतील. 'वीरगळ' हा शब्द कानडीतून आला. कल्लु म्हणजे दगड, वीराचा दगड. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतोवर याची आठवण राहो, असे त्या गावकऱ्यांना म्हणायचे होते. परंतु बहुतेक वीरगळांवर नाव नाही. नाव गावाला पाठच होते. ते कोरायचे कशाला? पिढ्या गेल्या, पाठांतर संपले. आता पुष्कळ गावांत त्या दगडांना शेंदूर लावतात, अमावस्येला नारळ फोडतात, आणि कुठला तरी देव म्हणून त्यांच्या पाया पडतात.

तेव्हा आठवण ठेवायला नुसता दगड पुरत नाही, हे आपल्या गावांनी फार पूर्वी अनुभवलेले आहे.

*

ही माणसे बसऱ्यास कशी गेली? सातारा आणि रत्नागिरी हे मराठा पलटणींचे भरतीचे जुने जिल्हे. त्या वेळी सांगली जिल्हा असा नव्हताच. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. हे येथे मुद्दाम सांगतो आहे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

१९१४ च्या अखेरीस हिंदी फौज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरली. बसरा सहज पडले. मग बगदादचा मोह सुटेना. सेनापती टाउनशेंड यांची तुकडी बगदादजवळून माघार घेत कुत-अल्-अमारा या नदीकाठच्या गावात शिरली, आणि ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी तिला वेढा घातला. या तुकडीचे नावच पुणे डिव्हिजन. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. शिधा संपला तेव्हा घोडी कापून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस ते मांस शिवले नाही आणि हाडांचे सापळे झाले. त्यांना सोडविण्यास निघालेल्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक मेले वा जखमी झाले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले आणि त्यांतले हजारो वाटेत व कैदेत मेले. सेनापतीसाहेब मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिले.

मेलेल्यांची व्यवस्था पाहण्यासाठी १९१७ साली साम्राज्याचा युद्धसमाधी आयोग स्थापन झाला. त्याचे तत्त्व मोठे उदात्त होते: मरणात लहानमोठा भेद नाही. आमच्या घरची थाळीही याच विचाराची. घरोघर पाठविलेल्या अशा तेरा लाखांहून अधिक थाळ्यांवर हुद्दा कोठेच कोरलेला नाही. जनरल असो की शिपाई, नुसते नाव. फ्रान्समध्ये न्यव्ह-शापेल येथे १९२७ साली हिंदी सैनिकांचे स्मारक झाले. त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी माणसांची नावे आहेत. परंतु फ्रान्स म्हणजे चारचौघांच्या नजरेतली जागा. बसऱ्यास कोण पाहणार? तेथे १९२९ साली चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मारक उभे राहिले. गोऱ्या शिपायांची नावे दगडावर आली. हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा आला: अमुक पलटण, आणि इतर इतके हिंदी सैनिक. नावे होती, पण ती वहीत राहिली.

ज्याला आकड्यात जमा केले तो मनुष्य दुसऱ्यांदा मरतो, असे मला वाटते. पहिले मरण रणातले. दुसरे कारकुनाच्या टेबलावरचे.

दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. पण ती प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक झाले. तेथे नावे आहेत, आणि पाहताना ऊर भरून येतो. परंतु ती स्वतंत्र भारतासाठी पडलेल्यांची, आणि ते योग्यच आहे. आमचा बसऱ्याचा माणूस दोन्हींकडून सुटला. इंग्रजाने त्याला मोजला, आपण त्याला मोजलाही नाही.

२२ एप्रिल २०२१ रोजी त्या आयोगानेच एक अहवाल प्रसिद्ध करून कबुली दिली. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. आणखी किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसे अशी की त्यांचे नावाने, किंवा मुळीच, स्मरण झाले नाही. यांत हिंदी आणि आफ्रिकी माणसे मुख्यतः. आयोगाने माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

*

त्याच सुमारास आयोगाच्या जुन्या वह्या संगणकावर पाहता येतात असे मला कळले. मी आणि माझा चुलतभाऊ, आम्ही ती थाळी समोर ठेवून बसलो. नाव घातले तर त्या नावाची कितीतरी माणसे निघाली. आमच्यातला कोणता? थाळीवर पलटण नाही, हुद्दा नाही. ज्या समतेचे मी आत्ताच कौतुक केले तीच आमच्या आड आली! गाव घालून पाहिले, जिल्हा सांगली घालून पाहिले. काही नाही. दोन रविवार गेले.

मी ही रड वर्गात सांगितली. तेव्हा तोच अपशिंग्याचा मुलगा म्हणाला, "सर, तेव्हा सांगली जिल्हा कुठं होता? साताऱ्यात बघा."

ज्याने वर्षानुवर्षे मुलांना गावांच्या नावांचा इतिहास सांगितला, त्याला हे सुचू नये! त्या रात्री जिल्हा सातारा, तालुका तासगाव असे शोधले. साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे वेडेवाकडे लिहिलेले आमचे गाव, त्यापुढे बापाचे नाव, मराठ्यांची पलटण, साल १९१६, स्मारक बसरा. बापाचे नाव माझ्या खापरपणजोबांचे. आम्ही दोघे कितीतरी वेळ त्या एका ओळीकडे पाहत होतो. मग चुलतभाऊ उठला आणि थाळी घासायला घेऊन गेला.

हे गावात कळल्यावर आणखी घरे बोलू लागली. कुणाकडे अशीच थाळी, कुणाकडे पदक, कुणाकडे नुसती "आमचा एक बसऱ्याला गेलेला" एवढी आठवण. शाळेतल्या एका गुरुजींनी वही घातली. या सर्वांची नावे एका साध्या दगडावर कोरून चावडीसमोर लावावीत, असे निघाले आणि बैठक बोलावली गेली.

बैठकीत एक तरुण उठला. त्याचा प्रश्न आडमुठेपणाचा नव्हता. तो म्हणाला, "ही माणसं पगारासाठी इंग्रजाकडून लढली. ह्याच मुलखात १९४२ साली वडूजला आणि इस्लामपूरला त्याच इंग्रजाच्या गोळीनं माणसं मेली. त्यांच्या पंगतीला ह्यांना बसवायचं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. घरात दोन्ही प्रकारची माणसे असलेला मीच. मला आजोबांचे शब्द आठवले. मी म्हणालो, "पंगत एक नको. हुतात्म्यांनी आपण कशासाठी मरतो ते स्वतः ठरवले. त्यांची जागा वरची आणि ती तशीच राहो. ह्यांना ते ठरविण्याची संधीच मिळाली नाही. दुष्काळी मुलूख, थोडी जमीन, भरतीवाला दारात. म्हणून आपण ह्यांना हुतात्मा म्हणू नये. पण आपल्या गावचा माणूस परमुलखात मेला, त्याला माती मिळाली की नाही ठाऊक नाही, एवढे तरी लिहू. त्याला नाव आहे, एवढे लिहू."

तो तरुण थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग वर 'शहीद' लिहू नका. 'गावची माणसं' लिहा." तेच ठरले. मला वाटते, त्या दगडावर याहून चांगला मथळा कुणा प्राध्यापकालाही सुचला नसता.

नावे मी येथे देत नाही. ती आधी गावात, दगडावर, मोठ्याने वाचली जावीत अशी वडीलधाऱ्यांची इच्छा आहे. छापील पानाचा मान नंतरचा. यादी अजून अपुरी आहे, म्हणून दगडावर खाली जागा कोरी ठेवायची असेही ठरले आहे.

*

एक गोष्ट राहिली. दगडावरचा मजकूर जुळविताना चुलतभावाची बायको सहज म्हणाली, "आणि त्यांच्या बायकोचं नाव काय होतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आजीची ती 'धाकली आत्याबाई'. आजोबांची धाकली काकी. गावाची अमक्याची सून. थाळी जड लागली म्हणून जिने बांगड्या फोडल्या, आणि त्यापुढे उभे आयुष्य या घरात काढले, तिचे नाव घरातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हते. लंडनच्या कारकुनाने निदान तिच्या नवऱ्याचे नाव वहीत तरी ठेवले. तिचे नाव आम्हीच, घरच्यांनी, हरवले.

आमच्या भागात हेळवी येतात. सुगी झाली की बैलावर वह्या घालून ते गावोगाव फिरतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवितात. पसाभर धान्य, एखादे जुनेर घेऊन जातात. त्यांच्या वह्यांत कधी कधी सुनांची नावेही असतात. यंदा आम्ही त्यांची वाट पाहत आहोत. दिवाळीत ती थाळी स्वयंपाकघरातून ओटीवर येईल, तिच्याशेजारी पणती लागेल. एक नव्हे, दोन लावायच्या असे चुलतभावाच्या बायकोने आधीच सांगून ठेवले आहे. दुसरी पणती कुणाच्या नावाची, ते हेळवी आला म्हणजे विचारायचे आहे.